मदत हवी आहे: मुलाचं लग्न मॉर्मन टेंपलमध्ये, आणि आम्हालाच आत प्रवेश नाही

नमस्कार मंडळी. आम्ही युटात, सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो. मुलाने मॉर्मन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलाय. होणारी सून जन्मापासून त्याच चर्चची. मुलगी गुणी आहे, आम्हाला मनापासून पसंत आहे. अडचण विधीची. टेंपलमध्ये ‘रेकमेंड’ (चर्चने दिलेलं प्रवेशपत्र) असल्याशिवाय सोडत नाहीत. त्यासाठी बिशपसमोर मुलाखत, उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला, चहा-कॉफी-दारू बंद. विहीणबाई प्रेमानेच म्हणाल्या, “तुम्ही वेटिंग रूममध्ये बसा, फोटोला सगळे एकत्र येऊ.” अहो, पोटच्या पोराच्या डोक्यावर अक्षताही टाकायच्या नाहीत?

पूर्वी अमेरिकेत आधी बाहेर लग्न केलं की टेंपलमधल्या ‘सीलिंग’साठी, म्हणजे नवरा-बायकोला कायमचं जोडणाऱ्या विधीसाठी, वर्षभर थांबावं लागे. मे २०१९ मध्ये चर्चनेच ती अट काढली. म्हणजे आधी सगळ्यांसमोर लग्न, मग सीलिंग, हे नियमात बसतं. तरी सुनेच्या आजीला त्यात कमीपणा वाटतो. मुलगा मधल्यामध्ये गप्प झालाय.

कुणाच्या घरी असं लग्न झालंय का? दोन्ही विधी एकाच दिवशी केलेत का? आजींशी आम्ही बोलावं, की मुलाने? त्यांच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही, पण लग्नाला हजर राहायचंय. कृपया सांगा.