दिवाडी बेटावर घर बांधायचंय: बल्कांव की राजांगण?

मांडवीकाठ:
नमस्कार मंडळी. गोव्यातल्या दिवाडी बेटावर नार्व्याकडे आमची वडिलोपार्जित जागा आहे. आजीचं मातीचं घर दोन पावसाळ्यांपूर्वी बसलं. जोतं आणि तुळस तेवढी उरली. बाबा ७२ वर्षांचे आहेत, पुण्यात त्यांना करमत नाही, तिथेच जाऊन राहायचं म्हणतात. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि माझ्या कामासाठी एक खोली, एवढंच हवंय.

वास्तुविशारदाच्या आराखड्यात पुढे बल्कांव, म्हणजे दारापुढचा बाकांचा ओटा आहे, मध्ये काचेने झाकलेलं राजांगण, म्हणजे घराच्या आतलं अंगण, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या आणि उतरत्या स्लॅबवर मंगलोरी कौलं. चित्र देखणं आहे. पण बाबांनी ते पाहून विचारलं, "हे कुणाचं घर?" तेव्हापासून माझं पाऊल पुढे पडत नाही. बेटावर घर बांधलेल्या कुणी सांगाल का, यातलं काय ठेवू?

चोडणचा चिरा:
ताई, बाबांनी नेमकं विचारलं. बल्कांव रस्त्याकडे तोंड करून असतो. दोन्ही बाजूंना बसायची बाकं, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा. ही ख्रिस्ती घरांची रीत. आपली जुनी हिंदू घरं आत वळलेली: मध्ये राजांगण, तुळस, भोवती पडवी. दोन्ही सुंदरच, पण घराचं तोंड कुठे हे आधी ठरायला हवं. बाबांना संध्याकाळी कुठे बसायचंय, तेवढं विचारा.

राजांगणावर काच मात्र घालू नका, हे मी कळकळीने सांगतो. आम्ही घातली होती. एप्रिलपासून घर भट्टीसारखं तापायचं, कारण वर चढलेली गरम हवा बाहेर जायला वाटच नव्हती. दुसऱ्या वर्षी काढून टाकली. मग पाऊस आत आला, तो यायलाच हवा. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. पडवीपेक्षा अंगण नऊ इंच खाली घ्या आणि पाणी उघड्या पन्हळीने बाहेर काढा. आम्ही जमिनीखालून पाइप टाकला होता, तो पहिल्याच जूनमध्ये आंब्याच्या पानांनी तुंबला.

स्लॅबवर कौलं म्हणजे नुसती शोभा. वाशांवर, रिपांवर बसवलेल्या कौलांच्या फटींतून घर श्वास घेतं. स्लॅब ते बंद करतो. शिवाय खाऱ्या हवेत सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. वळचण भिंतीपासून तीन फूट तरी बाहेर काढा. खिडकीपेक्षा हिच्यावर खर्च करा, भिंत हीच वाचवते. भिंती चिऱ्याच्याच, म्हणजे जांभ्या दगडाच्या, पण गिलावा चुन्याचा. चिरा पाणी पितो, सिमेंट ते आत कोंडतं आणि पापुद्रे सुटतात.

बांधावरचा:
जोतं आहे तिथेच बांधा. जुन्या लोकांनी घरं उंचवट्यावर घेतली आणि खालची खाजनं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनी, शेतीला सोडली, ती भरतीचं पाणी बघूनच. नदीच्या बाजूला सरकायचं असेल, तर आधी सीआरझेडचा, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा नकाशा पाहा.

अजून एक. सप्तकोटेश्वर महादेव मूळचा तुमच्या नार्व्याचाच. नदीपलीकडच्या डिचोलीतल्या नार्व्याचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभारायला लावलं. वास्तुविशारदाला तिथला कौलारू मंडप दाखवून आणा. उतरतं छप्पर आणि खालची सावली यांचं नातं चित्रापेक्षा लवकर कळतं.

फेरीवाली:
सगळं सामान फेरीने येणार, हे अंदाजपत्रकात धरा. आमचा गवंडी फेरी चुकली की अर्धा दिवस यायचाच नाही. चिरे आणि वासे मेअखेरीआधी पोचवून झाकून ठेवा. शिंपल्यांची तावदानं हवीच असतील, तर मोडलेल्या घरांतून जुनी झडपं मिळतात. एका खिडकीला पुरतील तेवढीच घ्या. उजेड मऊ येतो, पण वारा अडतो.

मांडवीकाठ:
मनापासून आभार. रात्री बाबांना विचारलं, संध्याकाळी कुठे बसाल? म्हणाले, "मागच्या दारी, विहिरीकडे तोंड करून. आई तिथे सोलं वाळवायची." आराखड्यात मागचं दार म्हणजे वॉशिंग मशीनची जागा आहे. बल्कांव रद्द करतेय, तो खर्च मागच्या पडवीला. राजांगण उघडं, तुळस आहे तिथेच. आता एकच विचारायचंय: जोत्याचे जुने चिरे पुन्हा वापरता येतील का?

चोडणचा चिरा:
येतील. खाणीतून निघाल्यावर चिरा हवेवर कडक होत जातो, जुना म्हणून टाकू नका. हातोडीने ठोकून बघा: खणखणीत वाजला तर भिंतीला, बद वाजला तर अंगणाच्या कडेला.