'वचन ऐकणे' : यातलं 'ऐकणे' नेमकं कोणतं?

प्रश्न : आमचे पाळकसाहेब उपदेशात नेहमी सांगतात, "वचन नुसतं कानावर पडू देऊ नका, ऐका." कानावर पडणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, एवढं कळतं. पण ख्रिस्ती माणूस 'देवाचं वचन ऐकणे' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ 'पाळणे' असाच घ्यायचा का? तसं असेल तर सरळ 'पाळणे' का म्हणत नाहीत?

उत्तर : आधी घरातलीच दोन वाक्यं घ्या. 'मी त्या गवयाला ऐकलं' आणि 'मी आईचं ऐकलं'. पहिल्यात कान आहेत आणि सूर आहेत, तिथे गोष्ट संपते. दुसऱ्यात 'आईचं' या शब्दापुढे नामच नाही. आईचं काय ऐकलं? बोलणं, सांगणं, म्हणणं, काहीही धरा. ते कुणी उच्चारत नाही, आणि तरी आईने सांगितलं तसं केलं हे समोरच्याला कळतं. 'पोरगं ऐकत नाही' म्हणणाऱ्या बाईला पोराच्या कानांबद्दल काही म्हणायचं नसतं. 'ला' आणि 'चं' यांच्यात मराठीने एवढा मोठा फरक साठवून ठेवला आहे. माझ्या मते पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, 'ऐकणे' हे या 'चं'वालं आहे.

जुन्या कराराच्या हिब्रूत हे जास्त ठळक दिसतं. 'हे इस्राएला, श्रवण कर' (अनुवाद ६:४) यातल्या 'श्रवण कर'साठी मूळ शब्द आहे 'शेमा'. ज्यू लोक सकाळ-संध्याकाळ म्हणतात त्या प्रार्थनेला नावच त्यावरून पडलं. त्याचा धातू 'शमा'. कानांनी ऐकणं आणि आज्ञा मानणं, या दोन्हींसाठी हिब्रू बहुतेक वेळा हाच धातू वापरते.

जुन्या करारातल्या 'पहिले शमुवेल' या पुस्तकाचा १५वा अध्याय या दृष्टीने एकदा सावकाश वाचून पाहा. सुरुवातीलाच संदेष्टा शमुवेल इस्राएलाचा राजा शौल याला सांगतो, परमेश्वराची वाणी ऐक : शमा. अमालेकी या शत्रू लोकांचं काहीही राखायचं नाही, गुरंमेंढरंसुद्धा नाही, असा हुकूम असतो. शौल लढाई जिंकून येतो आणि म्हणतो, मी आज्ञेप्रमाणे केलं. त्यावर शमुवेल विचारतो, मग हे मेंढरांचं ओरडणं मला ऐकू येतंय ते काय? इथलं 'ऐकू येणं' पुन्हा शमा. तू परमेश्वराचं का ऐकलं नाहीस? शमा. ऐकलंय की, शौलाचं उत्तर. तेही शमा. शेवटी तो कबूल करतो की मी लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं, तिथेही तोच शब्द. शौलाचे कान धड होते, हुकूम त्याला शब्दन् शब्द कळला होता. प्रश्न होता तो कुणाचं ऐकलं, एवढाच. आणि त्याने ऐकलं नाही हे उघड कशाने झालं, तर राखून ठेवलेल्या मेंढरांच्या आवाजाने!

याच अध्यायात ते प्रसिद्ध वचन आहे : 'यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे.' या 'आज्ञा पाळणे'च्या जागी मूळ शब्द शमाच. भाषांतर चुकीचं नाही. पण अध्यायभर एका शब्दाने ओवलेला धागा नेमका त्या जागी मराठी वाचकाच्या हातून सुटतो, याची मला दर वेळी हळहळ वाटते.

नव्या कराराच्या ग्रीकमध्येही हेच. 'अकुओ' म्हणजे ऐकणे, त्याला उपसर्ग लागून 'हिपाकुओ' म्हणजे आज्ञा मानणे. परक्या भाषांचं राहू द्या, आपली 'शुश्रूषा' पाहा. धातू 'श्रु', मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. त्यावरून सेवा, आणि मराठीत आज रोग्याची सेवा. आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसलेली माणसं जे करत असतात त्याचं नाव 'ऐकण्याची इच्छा' असावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

प्रश्न : हे पटलं. पण मग कृपा कुठे राहिली? ऐकणं म्हणजे शेवटी करणंच असेल, तर विश्वासाने तारण होतं, म्हणजे पापातून सुटका होते, असं आपण का म्हणतो?

उत्तर : म्हणून तर 'पाळणे' हा शब्द पुरत नाही. नियम पाळायला नियम करणारा समोर असावा लागत नाही. तो जाऊन शंभर वर्षं झाली तरी नियम पाळता येतो. ऐकायला मात्र बोलणारा लागतो, आणि आधी तो बोलतो, मग आपण. प्रेषित पौलाने नव्या करारातल्या रोमकरांस पत्रात (१०:१७) विश्वास ज्याने होतो म्हटलं आहे तो ग्रीक शब्द 'अकोए'. त्याचा अर्थ 'ऐकणं' असा होतो आणि 'जे ऐकलं ते', म्हणजे वार्ता, असाही होतो. आपल्या बायबलात 'वार्ता' आहे. कुणीतरी आणून दिल्याशिवाय वार्ता मिळत नाही, ती आपली कमाई नव्हे. तेव्हा कृपा ऐकण्याच्या अलीकडे आहे आणि करणं पलीकडे. मधलं 'ऐकणे' दोन्हीकडे हात देतं.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. रात्री मी कंदिलापाशी शास्त्र वाचायचो आणि ती सुपात बाजरी निवडत बसायची. एकदा मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ते वचन आलं, वेदीजवळ आपलं दान आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेवून आधी समेट कर. "थांब," म्हणाली. "फिरून वाच." मी वाचलं. तिने सूप बाजूला ठेवलं आणि काही बोलली नाही. बांधाच्या भांडणावरून धाकट्या जावेशी तिचं कैक वर्षं बोलणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती डोक्यावर पदर घेऊन त्यांच्या वस्तीवर गेली. परत आल्यावर मी विचारलं, "आजी, आज तिकडं कशी काय गेली होतीस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "रातच्याला तूच वाचलंस की रं. ऐकलं नाहीस व्हय?"