‘हा माणूस त्या खुर्चीच्या लायकीचा आहे का?’ तुमच्याकडे झालेले वाद लिहा

“शिपायाच्या जागेला दहावी पास लागतो, आणि देश चालवायला काहीच नको?”

वडिलांचं हे वाक्य मी दर निवडणुकीआधी एकदा तरी ऐकतो, आणि दर वेळी तावातावाने भांडतो. गेल्या खेपेला तयारीनिशी बसावं म्हणून संविधान सभेतली भाषणं चाळली आणि तोंडावर आपटलो. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी राज्यघटना स्वीकारली गेली, त्या दिवशीच्या भाषणात डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी अगदी हीच खंत बोलून दाखवली होती. कायदा राबवणाऱ्याकडे आपण मोठी पात्रता मागतो, आणि कायदा करणाऱ्याला निवडून येण्यापलीकडे कसली अट घालत नाही! हे वडिलांना सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस काढले. शेवटी सांगितलं. ते नुसतं “बघ” म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

असे वाद तुमच्याकडेही झाले असतील. ते लिहा. मत कोणाला दिलंत ते नको. कोणती फूटपट्टी लावलीत, आणि पुढच्या निवडणुकीत तीच लावलीत का, ते सांगा.

*

खडूफळा:

नववीच्या वर्गात मी दोन बायोडाटा फळ्यावर लिहिले, नावं झाकून. पहिला उमेदवार प्रतिनिधीगृहात दहा वर्षं, मग सिनेटर, रशियात आणि ब्रिटनमध्ये राजदूत, मध्ये चार वर्षं परराष्ट्रमंत्री. दुसऱ्याचं सगळं शालेय शिक्षण मिळून जेमतेम वर्षभराचं, प्रतिनिधीगृहात एकच मुदत, सिनेटसाठी दोनदा प्रयत्न, दोनदा अपयश. राष्ट्राध्यक्ष कोणाला कराल? एक-दोन हात सोडले तर सगळा वर्ग पहिल्याच्या बाजूने. पहिला जेम्स ब्यूकॅनन. त्याची मुदत संपण्याआधीच सात राज्यांनी अमेरिकेतून फुटून निघाल्याचं जाहीर केलं होतं. दुसरा त्याच्या जागी आलेला अब्राहम लिंकन.

वर्ग चकित झाला, मीही स्वतःवर खूश होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, बायोडाटा कोणी लिहिला? तुम्हीच ना? मग लिंकनच्या बायोडाटात तुम्ही त्याची वकिली का नाही लिहिलीत?”

खरंच लिहिली नव्हती. वीसेक वर्षं वकिली केलेला माणूस मी ‘अडाणी’ करून फळ्यावर मांडला होता, धडा ठसठशीत व्हावा म्हणून. प्रचारातही हेच होत असणार. त्यानंतर हा तास मी घेते, पण बायोडाटा मुलांकडूनच लिहून घेते.

*

काळा कोट:

मूळ धाग्यात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. पात्रता वेगळी, लायकी वेगळी. कायदा फक्त पात्रता बघतो आणि ती मुद्दाम तोकडी ठेवली आहे. राष्ट्रपतिपदासाठी वय ३५, लोकसभेसाठी २५, राज्यसभेसाठी ३०. पदवी कुठेच नाही. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री होताना तर सभागृहाचा सदस्य असणंही लागत नाही, सहा महिन्यांत निवडून आलं की झालं.

या ‘सहा महिन्यां’वरून २००१ मध्ये वकिलांच्या खोलीत मी एका ज्येष्ठांशी पैज मारली होती. तमिळनाडूत जयललितांना शिक्षा झालेली, उमेदवारी अर्ज फेटाळलेले, तरी पक्षाला बहुमत मिळालं आणि त्या मुख्यमंत्री झाल्या. माझं म्हणणं, लोकांनी कौल दिला, आता कोर्टाने मध्ये पडू नये. ज्येष्ठ म्हणाले, जो निवडणूक लढवायलाच अपात्र आहे, त्याला सहा महिन्यांची सवलत कुठली? सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ती नेमणूक रद्द केली. पैज हरलो, आणि ‘जनतेचा कौल’ हा शब्द तेव्हापासून जरा जपून वापरतो.

आता लायकीबद्दल. २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र आपल्याला बघायला मिळतं: गुन्हे, मालमत्ता, देणी, शिक्षण. नातेवाईक मला ते पाठवतात आणि विचारतात, “याच्यावर सात गुन्हे, त्याच्यावर दोन, म्हणजे दुसरा बरा ना?” अहो, कलमं वाचा. जमावबंदी मोडून मोर्चा काढल्याचे सात आणि खंडणीचे दोन एकाच तराजूत कसे घालता? आरोप निश्चित झालेत की नुसती तक्रार आहे, तेही बघा. एका मेहुण्याला हे समजावता समजावता रात्रीचा एक वाजला. शेवटी तो म्हणाला, “भाऊजी, मला ज्याला मत द्यायचंय त्याच्यावर किती ते सांगा, मग ठरवतो गुन्हे मोजायचे की वाचायचे.”

*

रिकामटेकडा:

मेहुण्याला माझा नमस्कार सांगा! मी असाच. एका निवडणुकीत ‘याला अनुभवच नाही’ म्हणून घसा कोरडा केला, पुढच्या वेळी ‘इतकी वर्षं तिथेच आहे, नवीन माणूस हवा’ म्हणून. बायकोने दोन्ही वाक्यं तारखेसकट लक्षात ठेवली आहेत.

*

नटबोल्ट:

मी इंजिनिअर. तरुणपणी ‘अडाणी पुढारी’ हे दोन शब्द माझ्या तोंडात कायम जोडूनच असायचे. एकदा काकांसमोर सुरू झालो, की मुख्यमंत्री व्हायला निदान पदवी तरी हवी. काकांनी शांतपणे विचारलं, “तुझं कॉलेज सरकारी की विनाअनुदानित?” विनाअनुदानित. “त्याला परवानगी कोणाच्या काळात मिळाली?”

१९८३, वसंतदादा पाटील. स्वातंत्र्यलढ्यात गोळी खाल्लेला, शालेय शिक्षण जेमतेम झालेला माणूस. ज्या पदवीच्या जोरावर मी त्यांच्यासारख्यांना नाकारत होतो, ती पदवी त्यांच्याच निर्णयातून आली होती. त्या कॉलेजांनी पुढे शिक्षणाचं भलं केलं की धंदा केला, यावर काकांशी वेगळं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही.

खडूफळाबाईंना एक सांगायचंय. ब्यूकॅनन-लिंकन ही जोडी फार सोयीची आहे. आमच्या आजोबांचा जीव चिंतामणराव देशमुखांवर होता. आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडलं. म्हणजे विद्वत्ताही होती आणि कणाही. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाला उभे राहिले आणि तिसरे आले. आजोबा म्हणायचे, परीक्षक नापास झाले. मला तेही पटत नाही, पण आजोबांसमोर बोलायची हिंमत नव्हती.

*

आईची मुलगी:

माझी आई पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होती. सही येते, वाचता येत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये हरियाणातली पंचायत निवडणुकीसाठीची शिक्षणाची अट सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली, तेव्हा बातम्या बघताना भाऊ म्हणाला, बरं झालं, हीच अट वरपर्यंत न्यायला हवी. आई तिथेच बसली होती.

ती म्हणाली, “मला वाचता येत नव्हतं म्हणून मी प्रत्येक ठराव मोठ्यानं वाचायला लावायची. शिकलेले न वाचता सह्या करायचे. माझ्यामुळं त्यांना ऐकावं तरी लागायचं.”

भाऊ गप्प बसणाऱ्यातला नाही. “पंतप्रधानाला कोण वाचून दाखवणार?” आई म्हणाली, त्यांना तर वाचून दाखवायला पगारी माणसं असतात. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

पण रात्री भांडी आवरताना ती मला एकटीला म्हणाली, एकदा वाचणाऱ्याने मधली एक ओळ गाळली होती. रस्ता कोणाच्या शेतापर्यंत जाणार, ती ओळ. आईला ते आठ महिन्यांनी कळलं. “तुझ्या भावाला सांगू नकोस,” म्हणाली. भाऊ हे सहसा वाचत नाही, म्हणून लिहिलं.

*

शॉर्टहँड:

मी लघुलेखक म्हणून मंत्र्यांच्या कार्यालयांत २६ वर्षं काढली. नावं सांगणार नाही, पक्षही नाही.

एक साहेब परदेशात शिकलेले, भाषा सुरेख. त्यांची टिपणी टाइप करताना मला शब्दकोश लागायचा. पण फाईल अडचणीची असली की शेरा ठरलेला, ‘चर्चा करावी’. चर्चा व्हायची, फाईल परत यायची, पुन्हा ‘चर्चा करावी’. कोणालाच नाही म्हणायचं नसलं की हा शेरा कामी येतो. एका धरणग्रस्त गावाच्या पुनर्वसनाची फाईल अशी चार वेळा फिरली. चौथ्या वेळी मी शेरा न विचारताच टाइप केला, बरोबर निघाला.

दुसरे साहेब इंग्रजी वाचायला लागले की ओळीखाली बोट ठेवायचे. आम्ही मागे हसायचो, खोटं का बोला. सचिव प्रस्ताव मांडायचे तेव्हा ते पहिलं विचारायचे, “याला विरोध कोणाचा आहे? त्याला बोलवा.” विरोध करणारा कनिष्ठ अधिकारी घाबरत यायचा, साहेब त्याला आधी बोलायला लावायचे. मग सही तरी, नाही तर कारण लिहून नकार. याच साहेबांनी बदल्यांमध्ये मात्र भाच्या-पुतण्यांची जी चंगळ केली, तीही माझ्याच हातून टाइप झाली.

म्हणून कोणी विचारलं की अमुक लायक आहे का, तर मी विचारतो, कशाला लायक? सही करायला, नाही म्हणायला, की ऐकून घ्यायला? एका माणसात तिन्ही मी फारसं पाहिलं नाही.

*

घंटा वाजली:

वक्तृत्व स्पर्धांचा परीक्षक आहे. १९८४ मधलं एक उदाहरण मुलांना हमखास देतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन पुन्हा निवडणुकीला उभे होते, ७३ वर्षांचे. उमेदवारांच्या जाहीर चर्चेत त्यांना वयाबद्दल विचारलं, तर ते म्हणाले की प्रतिस्पर्ध्याचं तारुण्य आणि अननुभव मी प्रचारात वापरणार नाही. समोरचे मॉन्डेल स्वतःच हसले, आणि ते माजी उपराष्ट्राध्यक्ष होते! हजरजबाबीपणाला मी दहापैकी दहा देतो. मुलीने विचारलं, “बाबा, पण त्यांनी उत्तर दिलं का?” नव्हतं दिलं. आता उमेदवारांच्या चर्चा बघताना प्रश्न कागदावर लिहून ठेवतो आणि उत्तर मिळालं तरच खूण करतो. कागद बहुतेक कोराच राहतो.

*

धागाकर्ता:

सगळे अनुभव वडिलांना वाचून दाखवले. ‘आईची मुलगी’चा दोनदा वाचायला लावला, ‘शॉर्टहँड’ना नमस्कार सांगितलाय. मग बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, तीस वर्षांचा वाद मिटला.

“सगळं ठीक आहे,” म्हणाले. “पण दहावी तरी हवीच.”

आणि मला म्हणाले, जाता जाता विचार, गाळलेल्या ओळीचं पुढे काय झालं? रस्ता शेवटी कोणाच्या शेतात गेला?