‘मानव विकासाचा अनुशेष’ म्हणावं का?

धरमपेठकर : विदर्भातले काही जिल्हे मानव विकास निर्देशांकात, म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांच्या एकत्रित मापात, मागे आहेत. मराठी अहवालात याला ‘मानव विकासाचा अनुशेष’ म्हटलं तर चालेल?

महालवाले : भाषणात खपेल, अहवालात नको. राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीच्या १९८४च्या अहवालापासून आपल्याकडे अनुशेषाला पक्का अर्थ आहे : सिंचन, रस्ते, पाणीपुरवठा अशा एकेका क्षेत्रात जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे, आणि तेवढं भरून काढायला किती रुपये लागतील. म्हणजे मोजल्या जातात त्या सोयी. दवाखाना बांधला की अनुशेष घटला. बाळं जगली की नाही, हे त्यात येत नाही. निर्देशांकाचं माप सरासरीवर नाही, ठरीव मर्यादांवर आहे. आयुर्मानाला किमान २० ते कमाल ८५ वर्षं, दरडोई राष्ट्रीय उत्पन्नाला १०० ते ७५,००० डॉलर, तेही क्रयशक्तीनुसार, म्हणजे तेवढ्या पैशात त्या देशात काय विकत येतं ते धरून. ‘पिछाडी’ लिहा, काम भागतं.

बर्डी : ‘निर्देशक’ आणि ‘निर्देशांक’ यांचीही सरमिसळ नको. आयुर्मान, झालेल्या शिक्षणाची सरासरी वर्षं, अपेक्षित शालेय वर्षं, उत्पन्न हे चार निर्देशक. त्यांतून आरोग्य, शिक्षण, राहणीमान यांचे तीन उपनिर्देशांक, आणि शेवटी एक आकडा. तो काढायची रीत सांगताना नुसतं ‘सरासरी’ लिहिलं की वाचणारा बेरजेला तीनने भागतो. २०१०पासून भूमितीय मध्य घेतात : तिघांचा गुणाकार, मग घनमूळ. ०.९, ०.९ आणि ०.३ यांची साधी सरासरी ०.७०, भूमितीय मध्य ०.६२. एका बाजूचा लंगडेपणा दुसरीच्या जोरावर झाकता येत नाही, गोम तीच.

धरमपेठकर : आणि उत्पन्नाचा उपनिर्देशांक काढताना लॉगरिदम घेतात, तो कशाला?

बर्डी : गरिबाच्या हजार रुपयांचं वजन जास्त धरायला. उत्पन्न दुप्पट झालं की उपनिर्देशांक साधारण ०.१०५ने वाढतो, मग ते २,००० चं ४,००० होवो की ३०,००० चं ६०,००० डॉलर.

महालवाले : जिल्ह्याचा आकडा काढताना खरी फसगत उत्पन्नातच होते. जिल्हा उत्पन्न माल जिथे तयार झाला तिथे धरतात. कोराडी, खापरखेड्याच्या विजेचं मूल्य नागपूर जिल्ह्याच्या खात्यात पडतं. पण तो पैसा इथल्याच लोकांच्या हाती आला, असं होत नाही. त्याला लोकसंख्येने भागून ‘नागपूरकराचं उत्पन्न’ म्हणणं चूक. तक्त्यावर ‘दरडोई जिल्हा उत्पन्न’ असाच मथळा द्या, आणि घरखर्चाच्या पाहणीचे आकडे मिळाले तर ते शेजारच्या रकान्यात टाका.