उत्तर: पपईच्या पिठ्या ढेकणावरची गांधीलमाशी कोणत्या कुळातली?
पपईच्या पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडी घालून त्याला मारणारी ही गांधीलमाशी म्हणजे ॲसेरोफॅगस पपाये. ‘ती ब्रॅकोनिडी या गांधीलमाश्यांच्या कुळातली’ असं आधीच्या एका उत्तरात आलंय, ते चुकलंय. ती एन्सर्टिडी या दुसऱ्या कुळातली, नॉयेस आणि शॉफ यांनी २००३ मध्ये वर्णन केलेली. भिंगाखाली पुढचा पंख बघा: ब्रॅकोनिडीत शिरांच्या बंद चौकटी दिसतात, हिच्या पंखात कडेलगत जेमतेम एक शीर. मधल्या पायाच्या नडगीच्या टोकाला जाड काटा असतो, उडी मारायच्या कामाचा. माशी मिलिमीटरहूनही लहान, तेव्हा नुसत्या डोळ्यांनी ओळखायच्या भानगडीत पडू नका.

ढेकणांच्या बंदोबस्तासाठी ही माशी बागेत सोडण्याबद्दल एक राहिलं. अंडी घालायला मादीची पसंती ढेकणाच्या दुसऱ्या अवस्थेतल्या (एकदा कात टाकलेल्या) पिल्लांना असते. फुगून कडक झालेले ढेकूण मेलेले समजून लोक पानासकट जाळतात, तिथेच गडबड होते. आत गांधीलमाशीचा कोष असतो. गोल भोक दिसलं तर माशी बाहेर पडलेली. आणि मुंग्या आधी आवरा, ढेकणांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्या ढेकणांची राखण करतात.