मदत हवी आहे: आईचे जुलाब औषध संपलं की उलटतात. विष्ठारोपणाचा कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचत असतो. विषय जेवताना वाचण्यासारखा नाही, आधीच माफी मागतो.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यातलं. आई ७१ वर्षांची, शुगर आहे. होळीच्या सुमारास शेतात पऱ्हाटीचं खुंट पायात घुसलं आणि जखम चिघळली. पाय वाचला, पण त्यापायी आधी इंजेक्शनं, मग क्लिंडामायसिनच्या कॅप्सूल, असे मिळून तीन आठवडे अँटिबायोटिक चाललं. ते संपून आठ दिवस होत नाहीत तोच जुलाब लागले. दिवसाला दहा-बारा वेळा, निव्वळ पाणी.

गावात पोटाच्या दुखण्याचं निदान तयारच असतं: पाणी. आमच्याकडे विहिरीचं पाणी खारट, म्हणून नळाचं साठवून प्यायचं. मीही तेच धरून बसलो. पाणी उकळलं, टाकी घासली, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली. त्याच टाकीचं पाणी पिणाऱ्या माझ्या चार वर्षांच्या पोरीला काहीच झालं नाही, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. तालुक्याला दाखवलं तर ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, म्हणजे पुन्हा अँटिबायोटिकच. जुलाब थांबायचे, पुन्हा लागायचे, पुन्हा तीच गोळी. दोन महिने असे गेले. आई नऊ किलोनं उतरली.

शेवटी नागपूरला पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. पाण्याचं त्यांनी विचारलंच नाही. गेल्या तीन महिन्यांत कोणकोणती अँटिबायोटिकं झाली, हा पहिला प्रश्न. संडासच्या तपासणीत क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जंतूचं विष सापडलं. अँटिबायोटिकनं आतड्यातले नेहमीचे जंतू साफ झाले की हा माजतो. मी शेतकरी माणूस, मला लगेच उमजलं: रान मोकळं सोडलं की आधी गाजरगवतच येतं. म्हणजे आम्ही पाण्याला शिव्या देत होतो आणि वर तणाला खत घालत होतो.

मग व्हँकोमायसिन, १२५ मिलिग्रॅम दिवसातून चारदा, दहा दिवस. कॅप्सूल मिळेनात, म्हणून इंजेक्शनची बाटली पाण्यात विरघळवून तोंडावाटे द्यायला सांगितलं. मेडिकलवाला माझ्याशी भांडला, हे प्यायचं नसते म्हणे! पण तोंडावाटे दिलेलं हे औषध रक्तात जवळजवळ जातच नाही, आतड्यातच राहतं, आणि इथे तेच हवं असतं. चौथ्या दिवशी जुलाब थांबले. कोर्स संपून बारा दिवस झाले आणि पुन्हा सुरू.

आता डॉक्टर व्हँकोमायसिनच देणार आहेत, पण हळूहळू कमी करत, कित्येक आठवडे. त्यावरही उलटलं तर विष्ठारोपण, म्हणजे निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू आईच्या आतड्यात सोडायचे. मी रात्रभर वाचत बसलो. १९५८ साली अमेरिकेत डेन्व्हरला चार रोग्यांवर हे केलं होतं. २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या अभ्यासात पहिल्याच वेळी १६ पैकी १३ जण बरे झाले, नुसत्या व्हँकोमायसिनवर १३ पैकी ४. आकडे लहान आहेत, पण फरक केवढा!

महाराष्ट्रात कुणी करून घेतलंय का? देणारा म्हणून थोरला भाऊ तयार आहे, घरचा माणूस चालतो का? तोवर प्रोबायोटिकच्या (चांगल्या जंतूंच्या) पुड्या द्याव्यात का? आणि आईला समजवायचं कसं? ती म्हणते, "बाप्पा, दुसऱ्याचं हगलेलं माह्या पोटात काऊन टाकता रे? राहू द्या मले अशीच."

प्रतिसाद १
बेलफळाचा मुरंबा आणि ताकात भाजलेलं जिरं. आमच्या आजीचा हमखास उपाय. कळवा.

प्रतिसाद २
मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे. औषधाचं डॉक्टरांनाच विचारा, बाकीचं सांगतो.

जुलाब थांबल्यावर 'गेला का बघू' म्हणून पुन्हा तपासणी करू नका. बरं झाल्यावरही ती कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते आणि लोक उगाच घाबरतात. या जंतूचे बीजाणू सॅनिटायझरनं मरत नाहीत. साबण आणि वाहतं पाणी, चांगलं चोळून. संडास आणि कडीकोयंडा क्लोरीनच्या द्रावणानं पुसा, तुमच्या टीसीएलचा खरा उपयोग तिथे आहे. लोपेरामाइडसारखी जुलाब दाबणारी गोळी मनानं देऊ नका. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर ती खरंच लागते का, विचारा. आणि दात दुखला, खोकला झाला, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की आधी हा आजार सांगा.

पुड्यांचं म्हणाल, तर इंग्लंड-वेल्समध्ये जवळपास ३००० वयस्कर रोग्यांवर अभ्यास झाला (२०१३). अँटिबायोटिकसोबत प्रोबायोटिक देऊनही जुलाब कमी झाले नाहीत. पैसे ओआरएसवर घाला.

भाऊ चालू शकतो, पण तपासण्यांशिवाय अजिबात नाही. कावीळ, एचआयव्ही, जंत, औषधांना न जुमानणारे जंतू, सगळं बघतात. २०१९ मध्ये अमेरिकेत दात्याच्या विष्ठेतून असाच ई. कोलाय जाऊन एक रोगी दगावला. त्यामुळे व्हिडिओ बघून घरी मिक्सर लावणाऱ्यांच्या नादी लागू नका. आपल्याकडे लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजात अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या आजारासाठी हे करतात, तुमच्या डॉक्टरांना तिथे विचारायला सांगा.

प्रतिसाद ३
आईंना विष्ठा हा शब्दच सांगू नका. घरचं विरजण बिघडलं की आपण शेजारून चमचाभर आणतो ना? तसं सांगा. त्यात खोटंही काही नाही.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. मुरंबा आईला आवडतो, पण शुगरमुळे राहू देतो. कमी करत जाण्याचा डोस कालपासून सुरू केला. मोरीत साबणाची वडी दोरीनं बांधून ठेवली, पोरीला तेवढी गंमत झाली. लुधियानाचं डॉक्टरांना सोमवारी विचारतो.

विरजणाचं रात्री सांगून पाहिलं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मंग थोरल्याचं नोको. तो खर्रा खाते."