शब्द हवा : 'प्रॅक्टिस'ला मराठीत काय म्हणावं?

ओंजळ : कोल्हापुरात शाहू स्मारकच्या कलादालनात मैत्रिणीचं प्रदर्शन लागतंय. पत्रकाचं मराठी मी करतेय. "तिच्या प्रॅक्टिसमध्ये घर, शरीर, स्मृती हे विषय येतात" इथं अडलंय. प्रॅक्टिस म्हणजे कलाकाराचे विषय आणि काम करायची रीत, सगळं मिळून. 'सराव' लिहिलं तर बाबा म्हणाले, पोरगी तालमीत जाते काय?

पंचगंगा : कलासाधना.

तांबडा_पांढरा : साधना नको वो, लगेच हार-नारळ आलं. सरळ 'काम' लिहा. आमच्या गल्लीतले जुने पेंटर "त्याचं काम बघितलंस काय?" असंच विचारायचे.

मात्रा : काम म्हणजे एक चित्र की सगळी हयात? कलाकार शीला गौडा घ्या. शिकल्या चित्रकला, पण नव्वदच्या दशकात शेण, दोरा, कुंकू हाताशी धरलं. १९९८ च्या 'अँड टेल हिम ऑफ माय पेन' या कलाकृतीत लांबच लांब दोरे सुईच्या नेढ्यातून ओढलेत. मग ते गोंद आणि कुंकवानं माखून एकत्र केले, त्यांचा जाड तांबडा दोर झाला, टोकाला सुयांचा झुबका. बायकांचे कुणी न मोजलेले कष्ट हा तिथला विषय, आणि करायची रीतही तीच. दोन्ही धरायचं तर 'कलाव्यवहार' बरा.

तांबडा_पांढरा : व्यवहार म्हटलं की आम्हाला गुळाचा सौदा आठवतो.

करवीरकर : कुंकू कशाला, पिंजर म्हणा. आमची आजी पिंजरच म्हणायची.

मात्रा : पिंजर कोकण-गोव्याकडची.

करवीरकर : मग घाट चढून आलेल्या सासुरवाशिणींनी शब्द फोंड्यातच ठेवून यायचा होता काय? संस्कृतात पिंजर म्हणजे तांबूस-पिवळा, आणि कुंकुम म्हणजे केशर. हळदीच्या भुकटीला कुंकू म्हणणं हीच खरी भेसळ!

तांबडा_पांढरा : महाद्वार रोडवर जाऊन हे सांगा, केशराच्या भावानं देतील.

पंचगंगा : कलाकार भारती खेर यांच्या २००६ च्या फायबरग्लासच्या हत्तिणीवर अंगभर चिकटवलेल्या असतात त्या टिकल्या की बिंद्या? शुक्राणूच्या आकाराच्या आहेत त्या.

ओंजळ : टिकल्याच. पाकिटातून सोलून लावायच्या. कुंकवाला आधी कपाळावर मेण लागायचं, ते सगळं टिकलीनं संपवलं. खेर यांना ही बाजारातली तयार वस्तूच हवी आहे असं मला वाटतं, म्हणून तिथं 'सौभाग्यलेणं' वगैरे लिहिलेलं वाचलं की डोकं फिरतं.

करवीरकर : का फिरावं? लेणं शब्दात काय वाईट आहे?

मात्रा : 'लेणं'त नाही, 'सौभाग्य'त आहे. नवरा गेला की शब्दही पुसायचा.

करवीरकर : शब्द पुसून रूढी जात नाहीत, ताई. कोशात राहू द्या.

मात्रा : कोशात राहू दे की. पत्रकात नको.

तांबडा_पांढरा : हत्तीण कशावरनं? हत्ती असेल.